पहिल्या अंघोळीचा पुरावा

नरकचतुर्दशीला सकाळी दाराची बेल वाजली की समजावं, फराळाला कोणीतरी आलं. हेमंत उरुणकर हातात अर्धी चकली घेऊनच दार उघडायला गेला. दारात सानिया मुल्ला उभी. अंगात फटाका-निरीक्षकाचं निळं जाकीट, खांद्याला दिव्याची पेटी, आणि चेहरा असा की फराळाचं ताट पुढे करायची सोय नाही.

"ये, ये! वृषाली, सानिया आलीये गं, ताट वाढ."

"ताट नको सर. ड्यूटीवर आहे."

सानिया हेमंतची विद्यार्थिनी. तिला महापालिकेच्या फटाका-कक्षात आणलं त्यानं, फटाक्याच्या राखेतून साक्षीकण वेचून वाचायला शिकवलं तेही त्यानंच. ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"काल संध्याकाळी जिव्हाळा प्रसूतिगृहाच्या गच्चीवर बाण पडला," ती म्हणाली. "वाळत घातलेली दुपटी पेटली. धूर खाली बाळांच्या खोलीत शिरला. बाळं सगळी सुखरूप आहेत. पण त्यांना बाहेर काढताना कल्पना सिस्टरांचे दोन्ही हात भाजले."

"कोण हरामखोर तो? कण वाचलेस ना?"

"वाचले. परत परत वाचले." सानियानं मान खाली घातली. "पुडा तुमच्या नावावर आहे सर. मला वाटतं, मशीन चुकलं असेल."

आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण हेमंतला सवय. गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला टीव्हीवर तो एकच वाक्य बोलत आला होता, तेच तोंडातून बाहेर पडलं. "मशीन चुकत नाही," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वारणापूरकरांना सगळं ठाऊक आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. या शहरात फटाक्यांवर बंदी घालून झाली होती, वेळा ठरवून झाल्या होत्या, इस्पितळांभोवती शांतता क्षेत्राच्या पाट्याही लावून झाल्या होत्या. उपयोग शून्य. पोलीस यायच्या आत माळ संपलेली आणि गल्लीतला प्रत्येक जण साधुसंत झालेला. कोणी उडवली? देव जाणे! हेमंतचा लहान भाऊ दम्याचा. एका लक्ष्मीपूजनाला धुरानं त्याचा श्वास कोंडला तो कोंडलाच. त्या दिवसापासून हेमंतच्या डोक्यात एकच विचार होता, की फटाक्यानंच उडवणाऱ्याचं नाव सांगायला हवं.

युक्ती सुचली ती वृषालीच्या ओट्याजवळ. ती गुलाबी आणि पांढऱ्या पोळ्या एकावर एक ठेवून चिरोट्यांची गुंडाळी कापत होती. कापलेल्या तोंडावर पापुद्र्यांच्या रंगांचा क्रम स्वच्छ दिसत होता. हेमंतनं तसाच चिरोटा केला, फक्त चिनीमातीच्या जातीचा आणि परागकणाहूनही बारीक. त्यातल्या प्रत्येक पापुद्र्यात निराळा दुर्मीळ धातू मिसळलेला. अतिनील दिव्याखाली एक पापुद्रा हिरवा उजळतो, दुसरा तांबडा, तिसरा निळा. रंगांचा क्रम म्हणजे एक क्रमांक, आणि फटाक्याच्या दर पुड्याचा क्रमांक वेगळा. भट्टीत भाजलेला कण तो, दारूच्या आगीला काय भीक घालतोय!

हे कण दारूत मिसळायचे आणि वरच्या कागदालाही चोपडायचे. दुकानदारानं ओळखपत्र पाहूनच पुडा विकायचा. म्हणजे जिथं फटाका फुटला तिथं पडलेले कण सांगणार, पुडा कुणी घेतला. आणि पेटवणाऱ्याच्या बोटांना चिकटलेले कण सांगणार, तो कुणी उडवला. कणावर असं वेष्टण होतं की ते कातडीतल्या तेलकटपणाला धरून बसे. साबणानं हात सोलून काढलात तरी कातडी झडेपर्यंत ते निघायचे नाहीत. सरकारी नाव साक्षीकण. लोक म्हणायचे चहाडखोर.

नियम साधे होते. उडवायचं ते फटाका मैदानात, ठरल्या वेळेत. बाहेर उडवलं तर घेणाऱ्याला आणि उडवणाऱ्याला दोघांनाही दंड, आणि कुणाला इजा झाली तर उडवणाऱ्याला तुरुंग. हेमंतनं त्यात एक कलम हट्टानं घालून घेतलं होतं. कणापुढे माणसाची तोंडी साक्ष चालणार नाही. "माणूस खोटं बोलतो, कण बोलत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य.

कायद्यात घेणारा होता, उडवणारा होता. देणारा मात्र कुठंच नव्हता. ज्या मुलखात अर्धा पुडा शेजारी जातो, थोडा भाच्यांना आणि उरलेला जावयाला, तिथं देणाऱ्याला विसरून कसं चालेल? पण विसरला खरा.

खुद्द हेमंतनं वर्षानुवर्षं फुलबाजीसुद्धा आणली नव्हती. यंदा मात्र लेकीचा, शर्वरीचा, पहिला दिवाळसण. वृषालीनं आठ दिवस टुमणं लावलं होतं. "जावई पहिल्यांदा दिवाळीला येणार आणि घरात फटाका नाही? व्याही शेण घालतील तोंडात!" जावई मंथन खराडे, घरात मंथनराव. तेही फोनवर हसत हसत म्हणाले होते, "पप्पा, बाण तरी हवेतच हं." मग अंगठीबरोबर बाणांचा पुडा आला. हेमंतच्या नावावर.

"पुडा काल कुणाकडे होता?" सानियानं विचारलं.

"घरातच होता. कपाटात," वृषाली पटकन म्हणाली.

काल संध्याकाळी मंथनराव पुडा बगलेत मारून मित्रांकडे गेले होते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. हेमंतनं बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे असे वटारले की तो गप्प बसला. मूग गिळायची त्याची ही पहिली वेळ नव्हती, पण एवढे कडू मूग त्यानं कधी गिळले नव्हते.

सानियानं पडदे ओढले आणि दिवा काढला. आधी हेमंतचे हात, कोरे. वृषालीचे हात, उजव्या अनामिकेच्या टोकाला एकच हिरवा ठिपका, दंडाच्या मोजमापात न बसणारा. मग मंथनरावांची पाळी. ते पुढे झाले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. दिवा लागला. हात स्वच्छ! तळवे, बोटं, नखं, कुठं म्हणून एक कण नाही.

आणि हेमंतनं बघितलं, की मंथनराव चकित झालेत. ज्यानं काही केलेलं नाही त्याला आपले हात स्वच्छ बघून कशाला आश्चर्य वाटेल?

"ताई, तुम्ही," सानिया म्हणाली. शर्वरीनं हात पुढे केले आणि दोन्ही तळवे हिरवेगार उजळले.

शर्वरी आधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. ती वाट बघत होती. एक वाक्य, एवढंच. मंथनरावांनी घसा साफ केला.

"अगं," ते म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

सानियानं नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. भाऊबीज झाली की सुनावणी. कण मिळालेत, हात उजळलेत, कबुलीजबाबाची गरज नाही. शर्वरी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला कोणती शाळा वर्गात उभी करते?

सानिया गेल्यावर हेमंत स्वयंपाकघरात बायकोवर उखडला. "कपाटात होता म्हणे! काय गरज होती?"

"मला काय माहीत पोरीचेच हात पेटतील!" वृषालीला रडू आवरेना. "जावयाचं नाव मी माझ्या तोंडानं चौकीत देऊ? पहिल्या दिवाळसणाला? तिचा संसार मोडायचाय का तुम्हाला?"

"आणि आता काय जुळलाय?"

तो तरातरा गॅलरीत गेला. मंथनराव तिथं मोबाइल बघत उभे होते. रागानं कानशिलं तापलेली असताना जावयाला अहोजाहो करावं लागतं, ही केवढी शिक्षा! हेमंतच्या तोंडावर 'गाढवा' आलं होतं आणि बाहेर पडलं, "मंथनराव, जरा बोलायचं होतं."

"बाटली कलंडली हो पप्पा," मंथनराव आवाज न चढवता म्हणाले. "वाऱ्यानं. मी काय मुद्दाम केलं? आणि इस्पितळ आहे तिथं, हे मला कुठं माहीत?"

"मग हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तोंडी साक्ष चालत नाही ना? तुमचाच कायदा." ते हसले. अगदी मनापासून समजूत घालायला हसले, म्हणून तर जास्त संताप आला. "माझे हात स्वच्छ, तिचे उजळलेले. मी कितीही ओरडलो तरी कण ऐकणार आहे का? आणि माझं परदेशाचं पोस्टिंग आता तोंडावर आलंय. तुम्ही तर खात्यातले मोठे. एक फोन करा, मिटून जाईल."

हेमंतनं गॅलरीचा कठडा धरला. माणूस खोटा आणि मुद्दा खरा, अशा वेळी करायचं काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! तो स्वतः उठून चौकीत गेला आणि जावयाचं नाव घेतलं, तरी समोर बसलेला माणूस त्यालाच त्याचं कलम वाचून दाखवणार होता.

पण डोक्यात किडा वळवळत होता. बाण मंथननं पेटवला, मग त्याचे हात कोरे कसे? शर्वरीनं पुड्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, मग तिचे तळवे का उजळले? आणि उजळले ते तळवेच. पेटवणाऱ्याच्या बोटांची टोकं उजळतात. मशीन हा फरक बघतच नाही, ते फक्त हो किंवा नाही सांगतं. मशीन चुकत नाही म्हणे! हेमंतनं कपाटातून आपला जुना दिवा काढला आणि घरभर हिंडू लागला. दिवाणखाना कोरा. स्वयंपाकघर कोरं. मग त्यानं न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

पाट हिरवागार झाला होता. उटण्याची वाटी, मोरीची जाळी, भिंतीवर उडालेले शिंतोडे, सगळं उजळत होतं.

तो दिवा घेऊन पाटाजवळ उकिडवा बसला.

पहाटे याच पाटावर मंथनराव बसले होते. वृषालीनं सासूच्या मानानं जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं, टाळूवर बोटानं तेल घातलं. तोच तिच्या अनामिकेवरचा ठिपका, कारण रात्री मंथनरावांनी केसांतून हात फिरवलेलाच असणार. मग शर्वरीनं नवऱ्याला कोमट तेल चोळलं, पाठीला, दंडांना, हातांना. त्यावर उटणं रगडलं. कणाचं वेष्टण तेलाच्या ओढीचं. कातडीत असतं तेवढं थेंबभर तेलही त्याला पुरतं, मग वाटीभर तेल मिळालं तर तो जुन्या जागी कशाला राहील? तेलात सुटला, उटण्यातल्या नागरमोथा-कचोऱ्याच्या खरखरीनं निघाला आणि चोळणाऱ्या तळव्यावर जाऊन बसला. मग शर्वरीनं साबणानं हात धुतले. तेल गेलं, कण राहिला. साबणापुढे तो हटतच नाही, असा तर बनवला होता.

प्रयोगशाळेत त्यांनी काय काय करून पाहिलं नव्हतं! अंगाचे साबण, भांड्यांचे साबण, राख, रॉकेल, फरशी पुसायची औषधं. ऐन मार्चच्या उकाड्यात. सगळी मराठी माणसं त्या खोलीत, आणि एकालाही अभ्यंगस्नान आठवलं नाही. हेमंत तर नरकचतुर्दशीला पहाटेपासून बंदोबस्तावर असायचा, शॉवरखाली दोन मिनिटं उभं राहून पळायचा. अंगाला कुणी तेल लावून कित्येक वर्षं झाली होती. आणि हातांची तपासणी तरी नेमकी केव्हा चालायची? पहिल्या अंघोळीनंतर.

त्यानं ताबडतोब आयुक्तांना फोन लावला. पाटापासून मोरीच्या जाळीपर्यंत सगळं सांगितलं.

"उरुणकर," शेवटी ते म्हणाले, "ही गोष्ट आणखी कुणाला सांगितलीत?"

"अजून नाही."

"छान. मग सांगूही नका. राज्यभर हीच पद्धत लागू व्हायचीये पुढच्या वर्षी. तुमच्या मुलीचं बघतो ना मी. तिचा नमुना खराब झाला असं लिहू. ती सुटली, जावई सुटले, तुमचं नाव राहिलं. सणासुदीला डोक्याला ताप कशाला?"

हेमंतच्या तोंडाशी 'हो' आला होता. खोटं कशाला सांगायचं? लेक सुटत होती, जावयाचं नाव निघत नव्हतं, आयुष्यभराचं काम शाबूत राहत होतं. आणि ते काम खोटं थोडंच होतं? इतकी वर्षं शहरातली दम्याची माणसं दिवाळीत घरी झोपत होती, इस्पितळात नव्हे. कण गेला तर पुढच्या वर्षी धूर परत आलाच म्हणून समजा. "विचार करून सांगतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि शर्वरीला सगळं सांगितलं.

ती मग म्हणाली, "बाबा, टीव्हीवर तुम्ही दरवर्षी एक गोष्ट अभिमानानं सांगायचात, आठवतंय? फटाके उडवण्यात बायकांचं प्रमाण वाढलंय म्हणून."

"हो. सापडणाऱ्यांत बायकाच जास्त—"

"त्या उडवत नव्हत्या बाबा. त्या तेल लावत होत्या."

कुणी मुलाला चोळलं असेल, कुणी भावाला, कुणी नवऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही दर दिवाळीला, हेमंतच्या हातची. कितीजणी कानीकपाळी ओरडल्या असतील की आम्ही नाही उडवला! आणि त्यांना हेमंतचंच वाक्य ऐकवलं गेलं असेल.

"मी एकटी सुटले तर नमुना खराब होता एवढंच होईल," शर्वरी म्हणाली. "बाण मीच उडवला असंच लोक धरून चालतील. मला तसं सुटायचं नाही."

आयुक्तांना त्यानं उलट फोन केला नाही. नुसतं पत्र दिलं असतं तर ते दाबलं गेलं असतं, हे न समजण्याइतका हेमंत खात्यात नवा नव्हता. चार लोकांत दिसेल असं काहीतरी करायला हवं होतं. पाडव्याला सकाळी महापालिकेत स्नेहमिलन असतं. नगरसेवक येतात, पत्रकार येतात, दारात गुलाबपाणी आणि अत्तर असतं. हेमंतनं आधी प्रयोगशाळेत जाऊन चाचणीसाठी ठेवलेली एक फुलबाजी लावली आणि ती विझेपर्यंत बोटांत धरली. मग सानियाला बाजूला घेऊन बेत सांगितला.

"माझी नोकरी जाईल सर."

"माझी आधी जाईल. तू फक्त दिवा लाव."

"दोन वर्षांपूर्वी एका आजीबाईंना मी स्वतः दंड लावला होता," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यापुढे नातवाची शपथ घेतली होती हो सर." आणि तिनं पेटी खांद्याला अडकवली.

अत्तराची कुपी हेमंतनं स्वतःच्या हातात घेतली. अस्सल हिना, चंदनाच्या तेलातलं. आयुक्त आले. हेमंतनं बोट भिजवून त्यांच्या मनगटाशी चांगलं रगडून लावलं. आयुक्तांनी रीतीप्रमाणे दुसरा हात त्यावर घासला, दोन्ही हात नाकाशी नेले आणि म्हणाले, "वा! मग उरुणकर, झाला विचार?"

"झाला साहेब. सानिया, पडदा ओढ."

दिवा लागला आणि आयुक्तांचे दोन्ही हात हिरवे उजळले. नाकाचा शेंडासुद्धा! पत्रकारांत हशा पिकला.

"हे काय चाललंय?" आयुक्त ओरडले.

"साहेब, कण म्हणतोय की आज सकाळी माझ्या प्रयोगशाळेतली फुलबाजी तुम्ही उडवलीत," हेमंत म्हणाला. "उडवली मी. तुम्हाला नुसतं अत्तर लावलं. पण माणसाची साक्ष कणापुढे चालत नाही. ते कलम माझंच आहे." मग त्यानं तेलाची, उटण्याची, पाटाची सगळी कथा सांगितली, एकही वाक्य न गिळता.

हशा विरला. मागच्या रांगेतल्या एक वयस्कर नगरसेविका उठल्या. "अहो, माझ्या सुनेला याच हातांवरून दंड केलात तुम्ही! शेजारपाजारी तिला 'फटाकेवाली' म्हणतात अजून!" मग कोण बोलतंय आणि कोण ओरडतंय काही कळेना. हेमंत एका बाजूला उभा होता. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि शिव्याही देत होते, कधी कधी तर एकच माणूस दोन्ही.

दुपारपर्यंत हुकूम निघाला. हातांच्या पुराव्यावरचे सगळे खटले थांबवले, आणि तोंडी साक्ष पुन्हा ग्राह्य धरली. शर्वरी सुटली. दिवस मावळायच्या आधीच कुठल्याशा गल्लीत लवंगी माळ तडतडली, शांतता क्षेत्रात, बिनधास्त. हेमंतनं खिडकी लावून घेतली. आपल्याच हातानं आपलं घर जाळलं आणि वर कुणी शाबास म्हणतंय, असं झालं होतं त्याला.

संध्याकाळी पाडव्याचं ओवाळणं. मंथनराव नवा झब्बा घालून पाटावर बसले. चेहरा टवटवीत.

"पप्पा, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "एका दगडात सगळेच सुटलो. आता कणही नाही आणि पुरावाही नाही."

शर्वरी तबक घेऊन आली. निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता, अंगठी, सगळं जागच्या जागी. ती त्याच्यासमोर बसली, पण तबक उचललं नाही.

"ओवाळायच्या आधी एक सांग," ती म्हणाली. "इथं दिवा नाही, मशीन नाही. घरचेच आहोत सगळे. बाण कोणी उडवला?"

मंथनरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "मिटलाय ना तो विषय? सणाच्या दिवशी कशाला उकरून काढतेस?"

"सिस्टरांच्या जखमा अजून मिटल्या नाहीत. एकदा म्हण. मी उडवला, एवढंच. मग आपण दोघं जाऊन त्यांची माफी मागू. पुढं जे होईल ते होईल, मी बरोबर आहे."

खरंच बरोबर राहिली असती ती. हेमंतला तिच्या आवाजात ऐकू आलं ते. मनातल्या मनात तो जावयाला विनवत होता, बोल रे बाबा, बोल एकदाचा.

"माझं पोस्टिंग जाईल शर्वरी," मंथनराव म्हणाले. "जरा व्यवहारानं वाग."

शर्वरी मग तबक घेऊन उठली. ज्योत विझू नये म्हणून तिनं तिच्याभोवती पदर धरला.

"आई, मी जिव्हाळ्यात जातेय. कल्पना सिस्टरांना ओवाळून येते. सानियाताईंना तिथंच बोलावलंय. पुडा कोण घेऊन गेलं आणि माझे हात उजळल्यावर मला काय म्हणालं, ते सगळं लिहून देणार आहे. आता माणसाची साक्ष चालते ना बाबा?"

"चालते," हेमंत म्हणाला. त्यानं कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि दार उघडून धरलं. "थांब, वारा आहे. मी बरोबर येतो. पुडा मी दिला होता, तेही लिहून घेऊ दे."

दोघं जिना उतरून गेली. मंथनराव अजून पाटावरच होते, टोपी सारखी करत, जणू कोणीतरी दुसरं तबक घेऊन येणारच आहे. त्यांनी सासूकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "आई, तुम्ही तरी समजवा तिला."

वृषालीनं कमरेला पदर खोचला.

"मंथन, ऊठ," ती म्हणाली. "पाट धुवायचाय."